व्हिसलरला रिटर्न मारायचा

गर्दीतनं जागा काढणं डोंबिवलीकराला जन्मतःच येतं असा माझा समज होता. तो फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी पावणेदहाला कॅनडातल्या व्हिसलर या स्की रिसॉर्टच्या गोंडोलाच्या (बंद केबिनवाल्या रोपवेच्या) लायनीत मोडला. पायात ते लाकडाच्या ओंडक्यासारखे बूट, खांद्यावर माझ्या स्की आणि त्यावर पोराच्या स्की (तो तेव्हा सात वर्षांचा, स्वतःच्या स्की पाच मिनिटं उचलायचा आणि मग "बाबा हात दुखतात"), बायकोचा एक ग्लोव्ह गाडीत राहिलेला, आणि समोर रंगीबेरंगी जॅकेटांची अशी लाईन की तिचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे तेच कळेना. आणि बरोब्बर आमचा नंबर वीसेक माणसांवर आला तेव्हा पोरगा म्हणाला, शूला लागली.

दोष कुणाचाच नव्हता, आम्हीच लाँग वीकेंडला गेलो होतो. आणि साधा लाँग वीकेंड नाही, फॅमिली डेचा. इथे ब्रिटिश कोलंबियात आधी फॅमिली डे फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी असायचा, २०१९ पासून तो तिसऱ्या सोमवारी आणला, आणि अमेरिकेचा प्रेसिडेंट्स डे पण तिसऱ्याच सोमवारी. म्हणजे व्हँकुव्हरवाले आणि सिअ‍ॅटलवाले एकाच वेळी एकाच डोंगरावर. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मी आपला सुट्टी दिसली की बुकिंग करणारा माणूस.

आता गंमत अशी की व्हिसलर ब्लॅककोंब काही लहान नाही. व्हिसलर आणि ब्लॅककोंब असे दोन डोंगर मिळून ८,१७१ एकर, दोनशेच्या वर रन्स (स्कीवरून उतरायच्या आखलेल्या वाटा). एवढ्या जागेत माणसं पसरली तर एकमेकांना शोधायला फोन करावा लागेल. आणि खरंच वर गेल्यावर अर्ध्या वेळा तसंच असतं, तुम्ही एका उतारावर थांबता, मागे बघता, कोणी नाही. मग गर्दी असते कुठे? तर लिफ्टच्या तोंडाशी, लॉजमधल्या मिरचीच्या सूपच्या काउंटरवर (इथे त्याला चिली म्हणतात, राजम्याची आमटी समजा), आणि त्या चार-पाच रन्सवर ज्या सगळ्यांना माहीत आहेत. म्हणजे डोंगर भरलेला नसतो हो, नळकांडी भरलेली असतात. दादरचा पूल आठवा. खाली प्लॅटफॉर्मचं टोक मोकळं असतं, मरतात सगळे जिन्यावर.

पण हे शहाणपण मला लगेच आलं नाही. पहिली दोन-तीन वर्षं मी तेच केलं जे सगळे करतात. एक म्हणजे लवकर निघायचं. बर्नबीहून पहाटे पाचला निघालो, अंधारात हायवे ९९, उजवीकडे काळा डोंगर डावीकडे काळं पाणी, स्क्वामिशला कॉफी, आणि साडेसातला पार्किंगमध्ये पोचलो तर तिथे आधीच शेकडो गाड्या. कारण "लवकर निघा" हा सल्ला सगळ्यांनाच मिळालेला असतो. लिफ्ट साडेआठला सुरू, साडेसातपासून लाईन. दुसरं म्हणजे अ‍ॅप. अ‍ॅपवर कुठल्या लिफ्टला किती मिनिटं थांबावं लागेल ते दिसतं, मी खूष, म्हटलं आता बघा. एक लिफ्ट पाच मिनिटं दाखवत होती म्हणून धावत पळत (घसरत) गेलो तर तिथे पंचवीस. कारण तो आकडा माझ्यासारख्या अजून चारशे जणांनी बघितलेला. घोडबंदरला ट्रॅफिक लागल्यावर गूगल सगळ्यांना एकाच गल्लीत घालतं आणि मग त्या गल्लीत दोन रिक्षा आणि एक म्हैस अडकते, तसला प्रकार.

तिसरं म्हणजे सिंगल्स लाईन. हे मात्र खरंच चालतं, सांगून ठेवतो. सहाजणांच्या खुर्चीवर चारचं कुटुंब बसलं की उरलेल्या दोन जागांवर एकेकट्या माणसांना घुसवतात, त्यांची लाईन वेगळी आणि ती भराभर सरकते. पण आमच्या घरात हा प्रस्ताव एका वाक्यात नामंजूर झाला. "एकत्र यायचं आणि वेगवेगळं बसायचं असेल तर मी घरीच बसते ना." यावर काय बोलणार.

आणि मग आई आली.

आई म्हणजे एकतीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी (ती अजून व्हीटीच म्हणते), फोर्टातल्या बँकेत नोकरी, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी घड्याळ अजून सात बावनच्या लोकलवर लावलेलं. इथे फेब्रुवारीत आली, बर्फ बघायचा म्हणून. तिला आम्ही साइटसीइंगचं तिकीट काढून वर नेलं. दोन्ही डोंगरांच्या मधे पीक टू पीक नावाची गोंडोला आहे, २००८ च्या डिसेंबरात सुरू झाली, ४.४ किलोमीटर लांब, अकरा मिनिटं लागतात, आणि एका ठिकाणी खाली ४३६ मीटर नुसती हवा. दोन केबिन्सना तळाला काच आहे, त्यांच्यासाठी वेगळं थांबावं लागतं. आईने माकडटोपी घट्ट केली, काचेतून खाली बघितलं, आणि विचारलं, "लाइट गेले तर?" म्हटलं आई बॅकअप इंजिन असतं. "असतं म्हणे," एवढंच म्हणाली. एमएसईबीने पोसलेली पिढी, विश्वास बसत नाही.

मग राउंडहाऊसला आलो. हे व्हिसलर डोंगरावरचं मोठं लॉज, उंची साधारण १,८५० मीटर, म्हणजे आपलं कळसूबाई याच्या खाली राहिलं. तिथे बाहेर बाकावर आई थर्मासमधला चहा घेऊन बसली आणि आम्ही तिघं दोन रन मारून यायला गेलो. एमराल्ड नावाच्या चेअरलिफ्टची लाईन, मग एक रन, मग परत एमराल्डची लाईन. तासाभराने आलो तर आईने माझ्याकडे असं बघितलं जसं दहावीच्या गणिताच्या पेपरनंतर बघितलं होतं.

"अरे, तुम्ही सगळे वरच का चढताय?"

म्हणजे काय, वर जायचं खाली यायचं, हेच असतं स्कीइंग.

"ते कळलं. पण सकाळी मी बघतेय, खालून जो येतो तो वर येतो, आणि वर आला की याच दोन खुर्च्यांना चिकटतो. खाली कोणीच जात नाहीये. संध्याकाळी सगळे एकदम खाली जाणार. मग आत्ता खाली जा की. आत्ता तिथे कुत्रं पण नसेल. आणि तिथून बसून या."

मी म्हटलं अगं आई, खाली गेलं की परत गोंडोलाला लाईन.

"साडेनऊची लाईन अकरा वाजता असते का? कल्याणला जाऊन बस रे."

ज्यांना हे वाक्य कळलं ते मध्य रेल्वेचे. बाकीच्यांसाठी सांगतो. डोंबिवलीला सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसायला सोडा, पाय ठेवायला जागा नसते. मग लोक काय करतात, उलट्या दिशेची गाडी पकडून कल्याणला जातात, आणि उतरतच नाहीत, तीच गाडी फिरून मुंबईला निघते, आणि तुम्ही आरामात खिडकीत, तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकायची ती फोर्थ सीट नाही. याला रिटर्न मारणं म्हणतात. आई त्यासाठी पास कल्याणपासूनचा काढायची, थोडे पैसे जास्त जायचे पण सीट मिळायची, आणि कल्याणच्या बायका रोज भांडायच्या, की तुम्ही डोंबिवलीवाल्या आमच्या जागा खाता. आईने त्या भांडणांमध्ये दोन स्वेटर विणून पूर्ण केले.

तर म्हटलं ठीक आहे. आईला चहाबरोबर सोडलं, आणि अकराच्या सुमाराला आम्ही तिघं खाली निघालो. व्हिलेजकडे नाही, क्रीकसाइडकडे.

क्रीकसाइडबद्दल थोडं सांगतो, कारण मला स्वतःला हे वाचून फार मजा आली होती. व्हिसलरचं मूळ दार तेच. १९६६ मध्ये इथे पहिल्यांदा लिफ्ट सुरू झाल्या त्या क्रीकसाइडलाच. डोंगराचं नाव पण आधी लंडन माउंटन होतं, तिथे जे मार्मोट नावाचे प्राणी असतात (मोठी घूस आणि ससा यांच्या मधलं काहीतरी) ते शिट्टी मारतात म्हणून व्हिसलर झालं. आता जे झगमगीत व्हिलेज आहे, हॉटेलं, दुकानं, तिथे त्या काळात गावाचा कचरा टाकायचे. खरंच, डम्पिंग ग्राउंड. नंतर सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथे व्हिलेज बांधलं आणि सगळी गर्दी तिकडे सरकली. म्हणजे समजा कल्याणच्या आधारवाडीच्या डम्पिंगवर उद्या पंचतारांकित हॉटेल आणि फोंड्यूचं दुकान. तर क्रीकसाइड असं मागचं दार होऊन बसलं. २०२२ च्या सीझनला तिथे नवी आठ माणसांची गोंडोला आली आणि तिच्यावरची बिग रेड चेअर सहाजणांची झाली, त्यामुळे मागच्या दाराने पण आता चांगलीच माणसं शिरतात, सकाळी तिथेही लाईन लागते. पण सकाळीच.

आम्ही फ्रांझेस रन पकडली. निळी आहे, म्हणजे मध्यम, लांबलचक, २०१० च्या ऑलिंपिकला बायकांची डाउनहिल इथे झाली होती, लिंडसे व्हॉनने सोनं घेतलं ती. पुरुषांची शेजारच्या डेव्ह मरे रनवर, ती जिंकली स्विस डिडिए डेफागोने. डेव्ह मरेवर नवख्याने जाऊ नये, ग्रूम केलेली (मशीन फिरवून बर्फ सपाट केलेली) असली आणि सरळ दिसत असली तरी. ती ज्याच्या नावाची आहे तो "क्रेझी कॅनक्स"पैकी, म्हणजे कॅनडाच्या बेफाम डाउनहिलवाल्यांपैकी एक होता, तेव्हा विचार करा.

आणि काय सांगू. पहिल्या वळणानंतर कोणी नाही. दुसऱ्या वळणानंतर पण कोणी नाही. बायको, जी गर्दीच्या उतारावर प्रत्येक वळणाला मागे बघते कारण एकदा कुणीतरी स्नोबोर्डवाला तिच्या पाठीत येऊन आदळला होता, ती चक्क मागे न बघता चाललेली. आवाज फक्त स्कीचा, खस्स, खस्स, आणि थांबलं की तोही नाही. दोन्ही बाजूंना फर आणि हेमलॉकची झाडं, फांद्यांवर बर्फाचे गाठोडे, मधेच एखादा आपोआप पडतो तेवढाच धप्प. पोरगा कडेला थांबून म्हणाला, "बाबा, बंद आहे का ही रन? आपण चुकून आलो का?" एवढी शांतता बघून पोराला वाटलं आपण काहीतरी नियम मोडतोय!

वरून खालपर्यंत उभी उतरण हजार-बाराशे मीटरच्या घरात, मांड्या पेटल्या, तीनदा थांबलो. खाली क्रीकसाइडला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते आणि गोंडोलाला लाईन नव्हती. म्हणजे लाईनचे ते दोरे होते, नागमोडी बांधलेले, आणि त्या रिकाम्या नागमोडीतून आम्ही तिघं एकटेच वेडेवाकडे चालत गेलो, बँकेत दुपारी अडीचला गेल्यासारखं. आख्खी केबिन आमची. बूट सैल केले. बायकोने जॅकेटच्या आतून थालीपीठ काढलं, अंगाच्या ऊबेने मऊ राहिलेलं. इकडे वर राउंडहाऊसमध्ये त्याच वेळी लोक ट्रे हातात घेऊन टेबलं शोधत फिरत असणार.

तेव्हापासून आमचा नियम झाला, लोक वर तेव्हा आपण खाली, लोक जेवतात तेव्हा आपण उतारावर, लोक निघतात तेव्हा आपण वर.

म्हणजे बघा, दिवस कसा सरकतो. साडेआठ ते दहा सगळे पायथ्याला अडकलेले. दहा ते बारा तीच माणसं वरच्या लिफ्टना, एमराल्ड, हार्मनी, तिकडे ब्लॅककोंबला सेव्हन्थ हेवन, त्यातून ऊन असेल तर सेव्हन्थ हेवनला जत्राच, कारण तिथे दक्षिणेकडचं ऊन छान पडतं. पावणेबारा ते सव्वा सगळे जेवायला. यातली जेवणाची वेळ ही सगळ्यात मोठी लॉटरी आहे, आणि ती फुकट आहे, फक्त साडेदहाला काहीतरी पोटात ढकलावं लागतं. बायकोला हिरव्या म्हणजे सोप्या रन्स आवडतात, आणि एमराल्डच्या भागात सकाळी हिरव्या रन्सवर ही गर्दी, स्की स्कूलच्या पोरांच्या आगगाड्या, तेच बारा वाजता गेलं तर अर्धी जागा रिकामी. आणि शेवटचा तास. दोन-अडीचनंतर लोक थकून निघायला लागतात, ज्यांना व्हँकुव्हरला परत जायचं ते ट्रॅफिकच्या भीतीने निघतात, आणि वरच्या चेअरलिफ्टवर तुम्ही थेट चालत जाऊन बसता. एकच पथ्य, लिफ्ट कधी बंद होते ते सकाळीच बघून ठेवायचं. सिंफनी नावाची लिफ्ट लवकर बंद होते. आणि शेवटी सगळ्यांबरोबर व्हिलेजकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यावर उतरायचं नाही. संध्याकाळी तिथे सगळ्या डोंगराचे थकलेले पाय एकाच रस्त्याला येतात, बर्फ खरवडून खाली कडक झालेला, त्यात नवशिके आडवे आणि तरणी पोरं बाणासारखी, अंधेरी सबवे. त्यापेक्षा क्रीकसाइडने उतरा, गाडी व्हिलेजला असली तर बसने जा.

जागा म्हणाल तर मला तीन आवडतात. एक ते क्रीकसाइड झालंच. दुसरं गार्बान्झो. व्हिलेजमधून सगळे मोठ्या गोंडोलाकडे जातात, पण शेजारीच फिट्झसिमन्स चेअर आहे, २०२३ च्या डिसेंबरापासून ती आठजणांची झाली, भराभर उपसते. तिने वर जायचं, मग गार्बान्झो चेअर. बहुतेक माणसं गार्बान्झोवरून पुढे पळतात, कारण त्यांना उंचावरचा बर्फ हवा असतो, गार्बान्झो म्हणजे त्यांच्या लेखी मधलं स्टेशन. फास्ट लोकल थांबत नाही तिथे. आम्ही उतरतो. सकाळी नऊ ते साडेदहा तिथेच दोन-तीन फेऱ्या मारतो, ताज्या ग्रूम केलेल्या रन्सवर, रात्री मशीन फिरलेलं असतं त्याच्या कॉर्डरॉयच्या पँटीसारख्या रेघा अजून तशाच असतात. कुठल्या रन्स रात्री ग्रूम झाल्या ते रोज सकाळी जाहीर होतं, ते वाचायला दोन मिनिटं लागतात आणि दिवसभराचा फायदा होतो.

तिसरं ब्लॅककोंबचं क्रिस्टल. नकाशात ब्लॅककोंबच्या अगदी डाव्या कडेला. तिथली रिज रनर लोकांना माहीत आहे, पण रॉक अँड रोल सारख्या बाजूच्या रन्स, झाडांमधनं जाणाऱ्या, तुलनेने निवांत असतात. वर क्रिस्टल हटमध्ये वॉफल मिळतं, त्याचा वास खुर्चीवर बसल्या-बसल्या येतो, आणि तिथे मात्र लाईन असते आणि ती मी आनंदाने लावतो. सगळ्याच लायनी वाईट नसतात.

आता जी गोष्ट मला बायकोने लिहू नकोस म्हणून सांगितलंय ती.

रिटर्नचं यश डोक्यात गेलं. त्यानंतरच्या सीझनला एका दुपारी मला एक रन दिसली, निळी, रिकामी, आजूबाजूला सगळीकडे माणसं आणि ती एकटी रिकामी. मी विजयी मुद्रेने शिरलो. मुंबईत वाढलेल्या माणसाने तरी हे करायला नको होतं. पीक अवरला खचाखच गाडी आणि मधला एकच डबा रिकामा दिसला तर शहाणा माणूस त्यात चढत नाही, कारण तिथे कुणीतरी ओकलेलं असतं. तर आदल्या दिवशी पडला होता पाऊस, रात्री गोठला होता, आणि त्या रनवर मशीन फिरलेलं नव्हतं. पहिल्या दहा मीटरनंतर स्कीच्या कडा बर्फात घुसेनात, खरर्र असा आवाज, फरशीवर टेबल ओढल्यासारखा, आणि मी बसलो. म्हणजे बसलो आणि बसल्या-बसल्या पन्नास-साठ मीटर गेलो. एक स्की वर राहिली. ती आणायला चढून जायला मला अर्धा तास लागला, त्या अर्ध्या तासात त्या रनवर दुसरं कोणीही आलं नाही. शांतता म्हणाल तर भरपूर मिळाली.

तेव्हा रिकामी दिसली की आधी विचारायचं, रिकामी का आहे? लोकांना माहीत नाही म्हणून, की लोकांना माहीत आहे म्हणून? ग्रूमिंगच्या यादीत नाही, सावलीतली आहे, काल पाऊस झालाय, तर नको. खालच्या भागाचं तर नेहमीच बघावं लागतं, कारण इथे समुद्र जवळ, हवा दमट, व्हिलेज जेमतेम ६७५ मीटरवर, वर भुरभुर बर्फ पडत असताना खाली चक्क डोंबिवलीचा जुलै असतो. तशा दिवशी क्रीकसाइडपर्यंत उतरायचा हट्ट करू नये, ओल्या बर्फाच्या खिचडीत गुडघा जातो. मधल्या स्टेशनला थांबून परत वर जावं.

आणि ज्या दिवशी वरच्या लिफ्ट वाऱ्यामुळे बंद असतात त्या दिवशी माझं सगळं गणित उलटं फिरतं, वरची माणसं पण मधेच कोंबली जातात आणि गार्बान्झोला सुद्धा लाईन लागते. हार्बर लाईन बंद पडल्यावर मध्य रेल्वेवर काय होतं, तेच. अशा दिवशी, किंवा ढगात सगळं पांढरंफटक होऊन वर कुठलं खाली कुठलं कळत नाही अशा दिवशी, झाडांमधल्या रन्स बऱ्या. काळे बुंधे दिसतात म्हणून डोळ्यांना आधार मिळतो. मला त्या पांढऱ्यात एकदा उभ्या-उभ्या गाडी लागल्यासारखं झालं, मी थांबलो होतो आणि मला वाटत होतं मी चाललोय.

झाडांवरून आठवलं, झाडांमधल्या रन्स म्हणजे दोन्हीकडे झाडं असलेला आखलेला रस्ता. खुद्द झाडीत शिरायचं नाही, निदान एकट्याने तर नाहीच. मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती, खालच्या फांद्यांखाली बर्फ पोकळ राहतो, त्याला ट्री वेल म्हणतात, त्यात माणूस डोकं खाली पाय वर असा पडतो आणि स्वतःहून निघता येत नाही. वरून कोणाला दिसत पण नाही. शांत रनचा हाच तोटा आहे, तुम्हाला कोणी आपटत नाही आणि तुम्ही आपटलात तर बघायला पण कोणी नाही. आम्ही तिघं आता एकमेकांच्या नजरेत राहतो, पोराच्या जॅकेटला शिट्टी आहे, स्की पेट्रोलचा (डोंगरावरच्या बचाव पथकाचा) नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आहे आणि फोन आतल्या खिशात, कारण थंडीत बॅटरी बघता-बघता मरते.

तारखांचं म्हणाल तर माझा आवडता आठवडा संक्रांतीचा. ख्रिसमसची गर्दी ओसरलेली असते, लोकांची क्रेडिट कार्डाची बिलं आलेली असतात, फेब्रुवारीच्या सुट्ट्या लांब असतात, आणि बर्फ सहसा छान. त्यातून मंगळवार-बुधवार मिळाला तर सोन्याहून पिवळं. आम्ही गेल्या वर्षी १४ जानेवारीला खिशात तिळाचे लाडू घेऊन गेलो, चेअरलिफ्टवर बसून तिळगूळ घ्या करायला. थंडीत गुळाचा पाक असा दगड झाला की गोड बोलायला तोंडच उघडेना, शेजारी एक आजोबा बसले होते, स्थानिक, त्यांना पण दिला, त्यांनी तो लिफ्ट संपेपर्यंत गालात धरला आणि उतरताना हसून अंगठा दाखवला. दात शाबूत होते म्हणून बरं. दुसरा दिवस म्हणजे सुपर बोलचा रविवार. मॅच इथल्या वेळेने दुपारी साडेतीनला, त्यामुळे जेवणानंतर डोंगर सुटायला लागतो. ज्यांना त्या खेळातलं काही कळत नाही अशा आपल्यासारख्यांसाठी ही राखीव दुपार आहे.

रविवारी परतताना हायवे ९९ चं काही करता येत नाही. तीनला निघा चारला निघा, लाल रेघ. आम्ही एक तर दुपारी एक वाजताच निघतो नाहीतर क्रीकसाइडला गाडीत बूट काढून, गरम पाणी कपात ओतून इन्स्टंट उपमा खाऊन, सहाला निघतो. त्या उपम्याच्या वाटीवर एकदा व्हिस्की जॅक नावाचा पक्षी येऊन बसला होता, राखाडी, कावळ्याचा लहान भाचा, हातातनं ओढून नेतात. त्यांना खायला घालू नये म्हणतात. आम्ही घातलं नाही, त्याने घेतलं.

परवाच्या बुधवारी रजा टाकून गेलो होतो, अकराला रिटर्न मारला, क्रीकसाइडला नेहमीसारखे रिकामे दोरे, रिकामी केबिन. पोराने माझा फोटो काढला, मागे दोन्हीकडे समोरासमोर चार-चारची बाकं, काचेबाहेर बर्फ, मधे मी. मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की बसलो असतो तर उठवेना, म्हणून उभा होतो. फोटो आईला पाठवला, तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटलेली. संध्याकाळी घरी पोचून हीटर लावेपर्यंत तिचं उत्तर आलं.

"फोर्थ सीटसकट आख्खा डबा रिकामा आणि तू उभा? कसला रे डोंबिवलीचा."